गाव सुधारलं, असं मी लिहिलं

रेखाताईंनी मला मशीनवर बसवलं. नववीत शाळा सुटल्यावर दोन वर्षं मी कापूस वेचत होते. त्या एक दिवस शेतात आल्या, आईशी बोलल्या आणि मला गावच्या शिवणकेंद्रात घेऊन गेल्या. आज मी घरापासून इतक्या दूर, तिरुपूरला, बनियनच्या कंपनीत कमावून खाते ते त्यांच्यामुळे. म्हणून आधी त्यांचं सांगितलं. आता पुढचं जे आहे ते मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही. रेखाताईंना — त्यांना तर नाहीच.

कसं सांगू? जरा लांबून येते, चालेल ना?

आमचं गाव मध्य प्रदेशात, नागपूरच्या वर, मोहगावच्या पुढे. बाजार सौंसरचा, रेल्वे पांढुर्ण्याची. शिवणकेंद्र आलं ते परदेशातल्या पैशानं. कुठल्या तरी थंडीच्या देशातली माणसं आपल्या कमाईतून आमच्यासाठी पैसे काढतात, हे ऐकून मला खरंच वाटेना. आमचं तोंडही न पाहिलेली माणसं! बारा मशीनी, विहाराशेजारची एक खोली, आणि शिकवायला मानधनावर रेखाताई. वीस बाया शिकल्या. पण शिकून शिवायचं काय? गावाला ब्लाउज लागून लागून किती लागतात? सौंसरच्या बाजारात तयार कपडे त्याहून स्वस्त. कमाई अशी कोणाची फार झाली नाही. तरी ती खोली होती. दुपारचं दोन तास हसायला-बोलायला बाईला हक्काची जागा गावात दुसरी कुठे होती?

तिसऱ्या वर्षी फॉर्म आले. चाळीस घरांचे. केंद्र यायच्या आधी घरात किती मिळायचं, आता किती मिळतं — आपल्या मदतीनं गाव वाढलं का, हे पैसा देणाऱ्यांना पाहायचं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून रेखाताईंनी ते काम मला दिलं.

"घरोघरी जाय, बस, इचार. जे सांगतीन तेच लिव्ह," एवढंच त्या म्हणाल्या.

गेले. खरंच गेले — पहिल्या पाच घरी. पण आमच्याकडे कागद घेऊन कोणी दारात आलं की माणूस कमाई सांगत नाही. कौसाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या.

"काहीच नाही म्हून लिव्ह वं पोरी. राशनकार्ड कटलं त तुह्या घरी जेवाले येऊ काय आम्ही?"

"हे राशनचं नाही, मावशी."

"पहिले सारे असंच म्हंतेत. मंग नाव कटते."

पाचही घरी तेच. काहीच नाही, काहीच नाही.

मला भीती वाटली. असेच फॉर्म गेले तर मदत वाया गेली म्हणतील, खोलीला कुलूप लावतील, रेखाताईंचं काम जाईल — आणि माझं? शाळेतून मी एवढंच शिकून आले होते की चांगले मार्क पडले की बक्षीस मिळतं आणि नापास झालं की घरी बसवतात.

मग मी बाकीच्या पस्तीस घरी गेलेच नाही.

हेच ते. हेच सांगायचं होतं. घरी बसून, दोन दुपारी, त्या पाच घरांचे धरून चाळीसही फॉर्म मी मनानं भरले. कोणाची कमाई दुप्पट केली, कोणाची जरा कमी, म्हणजे खरं वाटावं. त्या वर्षी संत्र्याला भाव चांगला होता, काही पोरं नागपूरहून पैसे पाठवून राहिली होती. तेही सगळं मी शिवणाच्या नावावर टाकलं. रेखाताईंनी न वाचता सह्या केल्या. "तू केलं म्हंजे बराबरच असंन."

काही महिन्यांनी नागपूरहून मदत देणाऱ्या संस्थेचे साहेब आले. बाया जमल्या. साहेबांनी पत्र वाचलं — तुमचं गाव आता आपल्या पायावर उभं आहे, यापुढे ही मदत जास्त गरीब ठिकाणी जाईल. बायांनी आधी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग हळूहळू अर्थ पोचला. सलाईन लावलेला माणूस बरा दिसला की नळी काढतात — एवढं कळायला किती शाळा लागते?

"आम्ही कवा श्रीमंत झालो वं रेखा?" कौसाबाई म्हणाल्या. "आमाले त पत्ताच नाही लागला!"

सगळ्या हसल्या. मागून कोणीतरी बोललं, "रेखालेच इचारा. तिचंच घर सुधरलं असंन." यावर कोणी हसलं नाही.

साहेबांनी फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला. रेखाताईंनी वरचे दोन-तीन कागद उलटले. माझं अक्षर त्यांना ओळखू येत नव्हतं का? गठ्ठा सरळ करून त्या म्हणाल्या, "सही माही आहे. जे इचाराचं ते मले इचारा."

मी तिसऱ्या रांगेत होते. उठायचं होतं, एक वाक्य बोलायचं होतं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले.

मशीनी पंचायतीच्या खोलीत कुलपात गेल्या. रेखाताई संत्र्याच्या तोडणीला जाऊ लागल्या. गावाची मदत हिनं खाल्ली, हे त्यांना चिकटलं ते चिकटलंच. लग्नाला नाही की बारशाला नाही, कोणी बोलावेना. आणि त्यांनी काय केलं? ओळखीच्या बाईला फोन करून मला इथलं काम लावून दिलं. पांढुर्ण्याला गाडीत बसवायला आल्या. "हात चांगला आहे तुहा, भेव नोको." गाडी उशिरा होती. पाऊण तास आम्ही एकाच बाकावर बसलो होतो. पाऊण तास कमी असतो का?

त्यांना माहीत होतं की नाही, मला आजही माहीत नाही.

बाहेरच्या पैशानं गरीब मुलूख वाढतो का, यावर मोठी माणसं भांडत असतील. आमच्या गावात वाढलं ते एक घर — माझं. आईला पक्की खोली बांधून दिली. म्हणजे बारा मशीनी, तीन वर्षं, आणि पुढे गेली ती नेमकी गाव सोडून गेलेली, खोटं लिहिणारी.

वय लहान होतं असं म्हणणार नाही. पाचव्या घरापासून सहावं घर वीस पावलांवर होतं.

मी जाईन. पौर्णिमेला विहारात बाया जमतात, तेव्हा. सगळ्यांसमोर, कौसाबाईंसमोर उभी राहून सांगेन की ते फॉर्म मी भरले, रेखाताईंनी नाही. त्यांनी मला जवळ घ्यावं म्हणून नाही, माझ्याकडे पाहिलं नाही तरी चालेल. गावातली त्यांची इज्जत मी घेऊन आले आहे. ती एक दिवस नेऊन देईन.