आईच्या नावाची गोळी

मस्कतच्या त्या दवाखान्यातला डॉक्टर आपल्याकडचाच होता, हिंदी बोलायचा. त्याने माझ्या गोळीचा कागद उलटसुलट करून पाहिला आणि नवऱ्याला विचारलं, "पेशंट कहाँ है?" नवऱ्याने माझ्याकडे बोट केलं. डॉक्टर म्हणाला, कागदावरची बाई तर पन्नाशीला टेकलेली आहे आणि नावही हिचं नाही. मी तोंड उघडायच्या आत नवरा बोलून गेला, "वो इसकी मम्मी है." डॉक्टरने कागद घडी घालून परत दिला. दुसऱ्याच्या नावावरची ही गोळी या देशात मिळत नाही, नुसती जवळ सापडली तरी पोलिसांचं लचांड मागे लागतं, असं त्याने शांतपणे सांगितलं.

ही गोळी झोपेच्या गोळ्यांच्या जातीतली, म्हणून तिथे तिच्यावर एवढा पहारा. मला ती झोपेसाठी लागत नव्हती. मला मिरगी आहे. आता मी हा शब्द सहज लिहिते, पण आमच्या घरात तो कधी कोणी उच्चारला नाही. आम्ही त्याला 'ते' म्हणायचो. "ते होऊन नाई राह्यलं ना?" आई विचारायची, आणि मी मान हलवायची.

आमचं गाव कामरगावच्या पुढे, जीपच्या रस्त्याने आत. मी शाळेत असताना तुरीच्या ओळीत पहिल्यांदा पडले. आसपास आईशिवाय कोणी नव्हतं, आणि ती गोष्ट आईने देवाची कृपा मानली. दुसऱ्याच दिवशी तिने मला अमरावतीला नेलं. दवाखान्याच्या खिडकीवर केसपेपर काढताना नाव विचारलं, तेव्हा तिने स्वतःचं नाव सांगितलं. वयही स्वतःचंच सांगितलं.

मला तपासून झाल्यावर डॉक्टरांचं लक्ष कागदावर गेलं. ते वैतागले. "अहो, पेशंट ही पोरगी आहे ना?"

"हो साहेब. पण गोळ्या आमाले कामरगावच्या मेडिकलातून घ्या लागते. तिथं पोरीचं नाव गेलं का गावभर होते. मंग तिले कोन करून नेईन? माह्या नावानं लिवा. माहं तं लगन होऊन गेलं."

डॉक्टर हसले. मीही हसले. आईचं लगन होऊन गेलं हे काय सांगायचं! आमच्याकडे उपवरांच्या नावाची अशीच जपणूक चालते. कोणाच्या पोरीचा चष्मा पाहुणे येण्याआधी लपतो, कोणाच्या पोराची दारू काकाच्या नावावर खपते. डॉक्टरांनी आईच्या नावाने लिहून दिलं आणि 'ते' थांबलं.

पुढे मी कॉलेजसाठी अमरावतीला हॉस्टेलात राहिले, तरी गोळ्या आईच आणायची. महिन्यातून एकदा ती कामरगावला जायची आणि स्वतःचं नाव सांगून पाकीट पिशवीत टाकायची. मी सुटीला आले की लोणच्याच्या बरणीसोबत ते माझ्या बॅगेत जायचं. लग्न ठरताना मी नवऱ्याला खरं सांगून टाकलं. तो रिसोडचा, मनाने मोकळा. म्हणाला, "मले चालते. फक्त माह्या मायले सांगजो नको." म्हणजे एका घरातून लपवलेलं दुसऱ्या घरातही लपलं.

त्याच्या नोकरीमुळे मस्कतला गेलो, तेव्हा नियमबियम काही ठाऊक नव्हते. गोळ्या पापडाच्या डब्यात घातल्या आणि नशिबाने कोणी डबा उघडला नाही. त्या संपत आल्या तेव्हा त्या डॉक्टरकडे गेलो, त्याची गोष्ट वर सांगितलीच. आम्ही निघताना तो एवढं म्हणाला होता, भारतातल्या डॉक्टरचं तुझ्या नावाचं पत्र आण, मी तपासून इथे लिहून देतो.

मी आईला फोन केला. अमरावतीला जा आणि पेशंट मी आहे असं डॉक्टरांकडून लिहून घे, म्हटलं.

"आता कायले तुहं नाव टाकतं त्याच्यात? इतके वर्स निभलं ना. एखांद्या येणाऱ्याजवळ पाठवतो मी गोळ्या."

"त्याला पकडतील, आई!"

"पाहू," ती म्हणाली. तिचं 'पाहू' म्हणजे नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

मी उरलेल्या गोळ्या अर्ध्या करून घेऊ लागले. शहाणपणाच होता तो. एका सकाळी चहाचं भांडं उतरवताना मी पडले आणि उकळता चहा मनगटावर सांडला. नवऱ्याने आईला कळवलं. त्याच दिवशी आईने अमरावती गाठली. संध्याकाळी माझ्या फोनवर पत्राचा फोटो आला. त्यावर माझं नाव होतं आणि माझ्या आजाराचंही नाव होतं. खाली आईचा आवाज होता, "लिवलं वं पोरी. आता वेळेवर घेजो."

मस्कतच्या औषधाच्या खिडकीवरच्या माणसाने माझं नाव मोठ्याने पुकारलं, तेव्हा मला लाज वाटली नाही. उलट इतकं हलकं वाटलं की रस्त्यात नवऱ्याकडून कुल्फी उकळली. आपलं ओझं उतरलं, एवढंच मला कळलं. ते इतकी वर्षं कोणाच्या डोक्यावर होतं, हे विचारायचं सुचलंच नाही. याचा पस्तावा मला आहे आणि तो जाणार नाही.

कारण आईचं एक वैभव होतं. मारुतीचा भंडारा असो की कोणाकडचं लग्न, पुऱ्यांच्या कढईपाशी आई बसायची. तिच्या हातची पुरी फुगायचीच. घामाने निथळत, झारा हातात घेऊन ती सगळ्या गल्लीवर हुकूम चालवायची. मी परदेशातून सुटीला येऊ लागले तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ती कढईपाशी दिसत नाही. विचारलं तर म्हणायची, "गुडघे दुखते माय." मी मस्कतहून गुडघ्याला बांधायचे पट्टे आणले. पुढच्या खेपेला आणखी चांगले आणले.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. मी आले तेव्हा तिच्या कपाटात ते सगळे पट्टे प्लॅस्टिकसकट होते, एकही उघडलेला नव्हता.

तेरवीच्या स्वयंपाकाला बायका जमल्या होत्या. शेजारच्या काकू पुऱ्या लाटत होत्या आणि मी त्यांच्या बाजूला कढईपाशी पाटावर बसून तळत होते. पुऱ्या फुगत नव्हत्या. काकूंनी डोळे पुसले.

"तुही माय असती तं अशा चामट झाल्या नसत्या. पण तिले आमीच बसू नाई देल्लं वं. मेडिकलातून गावात समजलं, मिरगीच्या गोळ्या नेते मनून. तापल्या तेलापाशी कसं बसवाव? तू कालेजात होती तवा. भंडाऱ्याले आली, पाटावर बसली बी. मीच मटलं, बाई, तुमी वांगे चिरा. काई नाई बोलली. उठली, वांगे चिरले अन् घरी गेली. मंग पुना कढईपाशी आलीच नाई."

विळीची धार तेव्हा कोणाला दिसली नाही, दिसली ती फक्त मिरगी. आणि आईने एक शब्द उच्चारला असता तर तिची जागा तिला परत मिळाली असती. तो शब्द माझं नाव होता.

मी झारा खाली ठेवला. सगळ्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "काकू, मिरगी मले हाये. मायले कधीच नव्हती. त्या गोळ्या माह्या होत्या."

काकूंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि माझ्या गालावरून फिरवला. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"असं का माय," त्या म्हणाल्या. "मायचंच उतरलं मंग तुह्यात."

"नाई काकू, तिले नव्हतीच," मी म्हटलं. पुन्हा सांगितलं. केसपेपर, खिडकी, नाव, सगळं सांगितलं. बायका माना हलवत राहिल्या, मेलेल्या आईची बाजू घेणाऱ्या लेकीपुढे हलवतात तशा.

काकूंनी माझा पाट हळूच कढईपासून मागे ओढला. "इकडं सरक बाई, तेलापासून," त्या मायेने म्हणाल्या. "तू वांगे चिर."