ब्रेकची हवा

दुपारचे अडीच वाजलेत. शालनकाकू सोप्यात चटईवर आडव्या झाल्यात आणि झोप येते येते म्हणता दारातूनच माघारी फिरतेय. जयसिंगपूरच्या या गल्लीत भर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकत नाही, एवढी शांतता. पोटात जेवण आहे, डोक्यावर पंखा आहे, झोपेला आणखी काय पाहिजे? पण मनात एक काम राहिलं असलं, की माणसाचा डोळा असा धड लागत नाही.

आज क्षमावाणीचा दिवस. दशलक्षण पर्वाचे दहा दिवस सरले, व्रतं-उपवास पार पडले. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन आल्यावर काकूंनी सगळी गल्ली पालथी घातली. प्रत्येक दारात हात जोडून, "उत्तम क्षमा हं, वर्षभरात काही चुकलंमाकलं असेल तर." कुंभोजेवहिनींच्या दारातही गेल्या. नळाच्या पाण्यावरून दोन वर्षं त्या बाईशी बोलणं बंद होतं. चूक त्या बाईची, क्षमा मागितली काकूंनी, आणि त्या बाईनं ती मोठ्या मनानं दिलीसुद्धा! आता काय बोलायचं?

सगळ्यांची मागून झाली, पण जी मागायला पाहिजे होती ती राहिलीच. ती मागायची भूपाल मगदुमांची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

भूपाल मगदूम सूतगिरणीत फिटर. आठवड्याचे सहा दिवस गिरणीचे आणि रविवार मॉरिसचा. एकावन्न सालची विलायती गाडी, अंगणातल्या पत्र्याखाली उभी. गल्लीतले लोक तिला मोरीस म्हणायचे. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "या घरात दोन मोऱ्या, एक न्हाणीत आणि एक दारात. न्हाणीतली तरी कामाला येते." मगदूम हसले होते आणि पुढच्याच रविवारी त्यांनी बायकोला गाडीत नेऊन बसवलं. फिरायला नव्हे हो! ब्रेक दाबायला.

जुन्या गाडीच्या ब्रेकमधली हवा काढायची तर दोन माणसं लागतात. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की पेडल पोकळ होतं, दाबलं तरी चाक धरत नाही. मग एकानं वर बसून ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं खाली झोपून चाकामागचा छोटा नट सैल करायचा. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर आले की नट आवळायचा आणि मगच वरच्यानं पाय काढायचा. आधी काढला तर बाहेर गेलेली हवा परत आत. म्हणून खालून मगदुमांचा आवाज यायचा, "दाब. धर. सोड." सव्वीस वर्षं काकूंनी त्या आवाजावर पाय चालवला. दोघांत भांडण असलं, बोलणं बंद असलं, तरी रविवारी हे तीन शब्द व्हायचेच. आणि काकूंना ते आवडायचं. कुणी विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या, पण आवडायचं.

शेवटच्या रविवारी मात्र स्वयंपाकघरातून दूध करपल्याचा वास आला आणि "सोड" यायच्या आत काकूंनी पाय काढला. मगदूम खालून ओरडले, "घातलीस हवा!" काकूही तापल्या. म्हणाल्या, "एकदाची भंगारात घाला ही गाडी! माझा जन्म गेला हिच्यात बसून." मगदूम बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, "बरं. पुढच्या रविवारी काढू." गुरुवारी गिरणीतून निरोप आला. छातीत कळ आली आणि माणूस जागच्या जागी गेला.

तेव्हापासून काकूंनी गाडीला दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. स्वतः पुसतात, ग्रीस भरतात, हँडल मारून इंजिन फिरवून ठेवतात, म्हणजे गंजून धरून बसू नये. चाकातली ब्रेकची रबरंसुद्धा त्यांनी स्वतः बदलली. आता तेवढी हवा राहिलीय. पुण्याला नोकरीत असलेला मुलगा शीतल फोनवर म्हणतो, "मिरजेचा मेकॅनिक पाठवतो आई, तासाभराचं काम." काकू म्हणतात, "पाठव की, दारातनं परत लावते." आज जेवताना सून स्नेहल म्हणाली, "आई, मी बसते ना ब्रेकवर. तुम्ही फक्त सांगा." त्यावर काकू पटकन बोलून गेल्या, "तुझं काम न्हवं ते." स्नेहल ताटं उचलून आत गेली.

पंख्याची पाती हळूहळू मंदावतात. काकू बघत राहतात. छताला एक नळी कुठून आली? तांब्याची बारीक नळी, कडेकडेनं गेलेली. शेजारी ग्रीसचा थर, त्यावर धूळ. हे छत नाहीच. हे गाडीचं पोट आहे. पाठीखाली चटई होती, तिथं आता पोतं टोचतंय आणि हातात पाना आहे.

"अगं बाई," काकू म्हणतात, "मी खाली कशी?"

"आलीस का?" वरून आवाज येतो.

"कोण हाय वर?"

"मी हाय. दुसरं कोण बसणार हितं?"

काकूंच्या अंगावर काटा येतो, पण भीतीचा नाही. गाडीचा तळ विरलेल्या धोतरासारखा पातळ झालाय आणि त्यातून मगदुमांचा तळपाय दिसतोय. टाचेच्या भेगांत तेल मुरलेलं, कितीही घासलं तरी न जाणारं. पाय ब्रेकवर आहे, पार खालपर्यंत दाबलेला.

"किती वेळ दाबून बसलाय?"

"तवापासनं."

"कवापासनं?"

"तू दूध बघाय गेलीस, तवापासनं."

काकू कोपरांवर सरकत बाहेर येतात. बाहेर अंगण नाही, गिरणी आहे. सूत कातायच्या यंत्रांच्या रांगा दोन्ही बाजूंना चालतायत, पण आवाज कसलाच नाही. कापसाची पिंजर हवेत तरंगतेय, मॉरिसच्या टपावर बसतेय. मॉरिस मधल्या वाटेत उभी आणि मगदूम स्टेअरिंगवर. काचेवर वाफ धरलीय. काकू पदरानं काच पुसतात. मगदुमांचं तोंड दिसतं. दाढी दोन दिवसांची. कपाळावर घाम.

काकूंना भरून येतं. तरी जे रोज बोलायच्या तेच बोलतात. "दाढी करायला काय झालंय?"

"पाय अडकलाय हितं. आरशापर्यंत जाऊ कसा?"

"मग काढा पाय. उतरा खाली."

"काढला की हवा आत जाईल."

काकू हात जोडतात. पाना हातातच आहे, तो मध्ये येतो. "उत्तम क्षमा," त्या म्हणतात.

"सकाळपासनं गल्लीभर वाटत सुटलीस," मगदूम म्हणतात, "कुंभोजे वहिनीलासुद्धा दिलीस. आणि माझा नंबर आत्ता लागला व्हय?"

"तुमचा पत्ता कुठं ठेवलासा? कुठल्या दारात येऊ?" आणि काकू रडायलाच लागतात. "मी पाय काढायला नको होता. ते भंगाराचं बोलायला नको होतं."

"गाडीला बोललीस ते. मला कुठं?"

"न्हाई. तुम्हालाच बोलले."

 पिंजर त्यांच्या केसांवर बसते. "ठावं हाय मला," ते म्हणतात.

"मग त्या दिवशी काय बोलला का न्हाईसा? ओरडायचं हुतं माझ्यावर."

"लागलं हुतं. म्हटलं, रविवारी काढू. मला काय ठावं गुरुवार मधी हाय."

आता गिरणी नाही, उदगावच्या पुलाकडे जाणारा रस्ता आहे. काकू मगदुमांच्या शेजारी बसल्यात. दोन्हीकडे ऊस उभा आणि मॉरिस इंजिन बंद असताना चाललीय. वारा लागतोय. लग्नानंतर पहिल्यांदा नदीवर गेले होते, त्या दिवसाचा हा वारा आहे, हे काकूंना न सांगता कळतं. नदी मात्र जवळ येत नाही.

"जरा थांबवा की गाडी."

"थांबलीयाच. रस्ता पळतोय."

काकू त्यांच्या हाताकडे बघतात. धरावासा वाटतो. इतका वाटतो, की बोटं दुखतात. पण स्टेअरिंगवरचा हात धरायचा नसतो, हे मगदुमांनीच शिकवलेलं.

"घरात सून आलीय," काकू सांगतात. "तुम्ही गेल्यावर आली. स्नेहल. शाळेत शिकवते. भाकरी जाड करते, पण मनानं चांगली हाय."

"मग बसू दे की तिला ब्रेकवर."

"आणि सांगायच्या आधी पाय काढला तर?"

"तू न्हाई काढलास?" मगदूम हसतात. पुढचा पडलेला दात दिसतो. "शिरली हवा, म्हणून काय गाडी मेली? परत काढायची. चारदा शिरली तर चारदा काढायची. त्याला दोन माणसं लागत्यात, एवढंच. एकट्यानं किती ग्रीस भरलंस तरी हवा निघायची न्हाई, शालन."

मग ते गुडघा चोळतात. "आता आटप बाई. पाय दुखाय लागलाय."

परत पोतं, परत गाडीचं पोट. मागचं डावं चाक समोर आहे. नटाला रबरी नळी लावलेली, नळीचं टोक बाटलीत. काकू नट सैल करतात. बुडबुडे येतात, आधी मोठे, बोराएवढे, मग मोहरीएवढे. मग नुसतं तेल, मधासारखं स्वच्छ. काकू नट आवळतात. हात सराईतासारखा चालतो. सव्वीस वर्षं वर बसून खालचं सगळं काम त्या कानांनी शिकल्या होत्या, हे त्यांना आत्ता कळतं.

"झालं?" वरून विचारणा होते.

"न्हाई अजून."

"आवळल्याचा आवाज आला मला."

"एक बुडबुडा हाय अजून."

"खोटं बोलतीयास."

"हो," काकू म्हणतात. "बोलतीय. मी ‘सोड’ म्हटलं की तुम्ही उठून जाणार. मला ठाऊक हाय. बसा की थोडं. दोन वर्षांत एकदा आलाय. चहा घेऊन जावा. शीतलला फोन लावते. गावातलं काय काय सांगायचं राहिलंय…"

 वरचा तळपाय थरथरतोय. पोटरीची शीर ताठलीय. काकू बघतात आणि त्यांना ते बघवत नाही. सव्वीस वर्षं स्वतः तो ब्रेक दाबलाय त्यांनी. पाच मिनिटांत पायाचं काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि या माणसानं दोन वर्षं तो धरून ठेवलाय, कशासाठी तर एका शब्दासाठी.

काकू तोंड उघडतात. ‘सोडा’ म्हणायला जातात. उभ्या जन्मात नवऱ्याला अरे-तुरे केलेलं नाही. पण ‘सोडा’ हा शब्द या कामाचा नाही. या कामाचा शब्द एकच आहे आणि तो तसाच यायला लागतो.

"सोड," काकू म्हणतात.

"हां," मगदूम म्हणतात. तेवढंच. पेडल वर येतं आणि स्प्रिंग टक् वाजते.

काकू उठून बसतात. पंखा गरगरतोय. उशीचा अभ्रा गालाखाली ओला झालाय. आत स्नेहलनं चहाचं आधण ठेवलंय, आल्याचा वास सोप्यापर्यंत आलाय. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.

तोंडसुद्धा न धुता काकू अंगणात जातात. पत्र्याखाली मॉरिस आहे तिथंच आहे. चारही चाकं विटांवर, बॉनेटवर सकाळी पुसूनही बसलेली धूळ. काकू दार उघडतात आणि सवयीनं आत बसतात, पाय पुढं टाकतात.

पाय पेडलपर्यंत पोचत नाही.

त्या वाकून बघतात. सीट शेवटच्या खाचेत गेलीय, पार मागं. मगदूम सहा फुटांचे, त्यांना ती तिथंच लागायची. काकू जेमतेम पावणेपाच फूट. ब्रेक दाबायला काकू दर रविवारी ती दोन्ही हातांनी ओढून पुढं घ्यायच्या, त्या शेवटच्या रविवारी घेतली ती तशीच पुढं राहिली होती. नंतर खालची पट्टी अशी गंजली, की परवा सीटखालून झाडताना दोनदा जोर लावला, तरी तसूभर हलली नव्हती. घरात त्या आणि स्नेहल, तिसरं कुणी नाही. काकू सीटखाली हात घालून कळ चाचपतात. घट्ट आहे, तशीच गंजलेली. बोटांना तांबडा गंज लागतो.

काकू बराच वेळ तशाच बसून राहतात, पाय अधांतरी ठेवून. सीट पुढं ओढायचा प्रयत्न त्या करत नाहीत. मग दारातून मान बाहेर काढतात.

"स्नेहल! ए स्नेहल, गॅस बंद कर आणि जरा हिकडं ये."

काकूंपेक्षा हातभर उंच स्नेहल पदराला हात पुसत येते. जेवतानाचं बोलणं तिच्या तोंडावर अजून दिसतंय. काकू गाडीतून उतरतात आणि तिच्यापुढं हात जोडतात.

"हे काय आई?"

"उत्तम क्षमा. सकाळी सगळी गल्ली फिरून आले, घरातलीच राहिली. दुपारी मी तोडून बोलले तुला."

"असू दे हो, काहीतरीच काय," स्नेहल म्हणते, पण तिचे डोळे भरतात.

"बस," काकू सीटकडे बोट दाखवतात. "उजवा पाय मधल्या पेडलवर. मी सांगेन तसं करायचं."

आणि स्नेहल बसेपर्यंत काकूंनी पोतं अंथरलंय, पदर खोचलाय आणि मागच्या डाव्या चाकापाशी आडव्या होऊन गाडीखाली सरकल्यासुद्धा.

"पाय पोचतोय का गं?" त्या खालून विचारतात.

"पोचतोय की, आई."

"मग दाब."