बारा उजवे पाय

आधी चहा घ्या, कारण हा किस्सा संपेल तेव्हा तुमच्यातला एकही जण माझ्या बाजूने नसणार. मला सवय आहे. खुद्द माझे पप्पाही नव्हते.

तर मला आमच्या चर्चमधलं पुरुषांचं सेंट जोसेफ मंडळ पुन्हा सुरू करायचं होतं. मी मुलगी, वय चोवीस, आणि अंकल लोकांशी दोन मिनिटं बोलले की माझं डोकं तापतं. मग ही उठाठेव मला कुणी सांगितली होती? कुणीच नाही. माझ्या चुका इथपासूनच मोजायला घ्या.

पण कारण होतं. मम्मी गेली आणि पप्पा रिटायर झाले, दोन्ही एकाच वर्षी. दिल्लीत आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही मुनिरकात भाड्याने आलो. पप्पा दिवसभर टीव्हीसमोर. टीव्ही बंद असला तरी समोरच. गावी वसईला परत जायला तयार नाहीत, आणि मला जूनपासून हैदराबादला नोकरी. या माणसाला कुणाच्या भरवशावर सोडून जायचं?

एकेकाळी त्यांचं मंडळ होतं. महिन्यातून एकदा एकत्र जपमाळ म्हणायची, कुणी गेलं तर खांदा द्यायला पुढे व्हायचं, आणि नंतर समोसे खात तासभर भांडायचं. मग कुणाची बदली झाली, कुणी आजारी पडलं, आणि मंडळाचा झेंडा चर्चच्या कपाटामागे गेला. त्याच्यामागोमाग पप्पाही गेले म्हणा ना.

मी फादरकडे गेले. आमचे फादर तरुण आहेत, कमी बोलतात. म्हणाले, "गुरुवार को पैर धोने की विधि है. मंडल के बारह आदमी बिठा दो. बारह आ गए तो मंडल ज़िंदा. नहीं तो इस साल से यूथ ग्रुप बैठेगा."

हा गुरुवार म्हणजे ईस्टरच्या आधीचा. येशूने आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. फादर गुडघ्यांवर बसतात, बारा जणांचा उजवा पाय एकेक करून धुतात, पुसतात आणि त्याचं चुंबन घेतात.

मी स्कूटी काढली. जुन्या मेंबरांच्या घरी जाऊन चहा प्यायले, शुगर-बीपीच्या कहाण्या ऐकल्या, आणि अकरा अंकल गोळा केले. बारावे पप्पा. ते "बघू" म्हणाले, म्हणजे त्यांच्या भाषेत हो. व्हॉट्सॲपवर ग्रुप बनवला. सगळ्यांनी गुलाबाची फुलं पाठवली.

आता इथे शहाणी मुलगी थांबली असती की नाही? मी बुधवारी सकाळी मेसेज टाकला. फादर पायांचं चुंबन घेणार, जरा स्वच्छता नको का?

"आदरणीय अंकल लोग, कल सब पैर अच्छे से धोकर आइए. नाखून काटकर. एड़ी भी देख लीजिए. प्लीज़." खाली जोडलेले हात.

पाच मिनिटांत फर्नांडिस अंकलचा फोन. हे गोव्याचे, मंडळाचे जुने खजिनदार, आणि संशयी.

"बेटा, ये किसके लिए लिखा?"

"सबके लिए, अंकल."

"सबके लिए कोई एड़ी नहीं लिखता. नाम बता. कुरियन है ना?"

मी मेट्रोत, एका हाताने दांडा धरलेला, मागून ढकलाढकली. चिडून म्हणाले, "अंकल, जिसका है वो समझ जाएगा."

झालं. त्यांनी माझं हे वाक्य जसंच्या तसं सगळ्यांना कळवलं. आणि गंमत बघा, जिसका है वो समझ जाएगा, तर बाराच्या बारा जणांना समजलं की ते आपणच.

दिवसभर फोन. कुरियन अंकल, हे केरळचे, रिटायर्ड ऑडिटर, कानाने थोडे कमी, स्वभावाने गरीब. ते हळूच म्हणाले, "बेटा, मेरी एड़ी किसने देखी? मैं तो हमेशा जूता पहनता हूँ." एकांनी विचारलं, विधी मोज्यांवरून होतो का. एका आंटींनी मला झापलं, "शादी के इतने साल में मैंने इनको नहीं टोका, तू कौन होती है?" मी प्रत्येकाला सांगत होते, तुम्ही नाही, अंकल, तुम्ही नाही. त्यावर प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: "फिर कौन?"

गुरुवारी दुपारी घरी आले तर पप्पा पलंगावर बसलेले.

"मी येत नाही," ते म्हणाले. "माझ्या जागी यूथमधला कुणी बसव."

मी भडकले. "पप्पा, तुम्ही सगळे म्हातारे सारखेच. नुसता इगो. साधा पाय पुढे करायचा तर तुमचे नखरे. मी कुणासाठी धावतेय एवढी?"

पाय पलंगाखाली ओढत पप्पा म्हणाले, "तू पाहिलेस ना माझे पाय?"

"कधी?"

"म्हणून तर लिहिलंस तसं."

तेव्हा कुठे मला दिसलं, की दिल्लीच्या एप्रिलमध्ये हा माणूस घरात मोजे घालून बसलाय. किती दिवस बसत होता, कोण जाणे. मी मोजे काढले. नखं वाढून वळली होती, टाचांना भेगा.

"कंबर वाकत नाही गं आता," पप्पा खिडकीकडे बघत म्हणाले. "नखं मम्मीच कापायची. तुला कसं सांगायचं?"

मी टबात कोमट पाणी आणलं, नेलकटर घेतलं आणि खाली बसले.

"पाय हलवू नका," मी म्हणाले.

"ती पण असंच ओरडायची." थोड्या वेळाने म्हणतात, "पण ती हळू कापायची."

"तिला प्रॅक्टिस होती."

ते "हं" म्हणाले. मग दुसरा पाय त्यांनी स्वतःच पुढे केला.

चर्चला पोचलो तेव्हा बारा खुर्च्यांवर पावडरचा घमघमाट. फर्नांडिस अंकलनी पायाचं कुरूप ब्लेडने तासायला घेतलं होतं, उजव्या अंगठ्याला हे एवढं बँडेज. "बायाँ चलेगा क्या?" मला विचारतात. पप्पा बसले. अकरा झाले. कुरियन अंकल कुठे?

मी बाहेर जाऊन फोन लावला.

"बेटा, मैं पार्लर में हूँ," ते कुजबुजले. "इन्होंने पैर प्लास्टिक में बाँध दिया है. बोलते हैं हिलना नहीं."

आत आले तर विधी सुरू होत होता. फादरनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बोटाने खूण केली. आजकाल स्त्रियांचेही पाय धुतात, चालतं ते. पण मंडळाचं काय? बारह आदमी म्हणाले होते. मी जाऊन बसले.

फादर एकेकासमोर गुडघ्यांवर बसत आले. पप्पा धरून अकरा जण, अकरा चकचकीत पाय. परातीतलं पाणी इतकं नितळ की तळ दिसत होता. मग माझी पाळी आली आणि मी चप्पल काढली.

सकाळपासून मी नवे टॉवेल आणि झेंड्याची काठी यांच्यामागे मुनिरकाच्या खोदलेल्या गल्ल्यांमधून फिरत होते. बारा जणांच्या टाचांची काळजी करताना मी स्वतःच्या पायांकडे पाहिलंच नव्हतं. फादरनी पाणी ओतलं. तुमच्या कपात आहे ना, साधारण त्या रंगाचं परातीत जमा झालं.

फादर क्षणभर थांबले. मग टॉवेल घेतला, पुसलं, आणि चुंबन घेतलं. संत माणूस.

इतक्यात बाजूच्या दारातून कुरियन अंकल आले. पँट दुमडलेली, टाचा गुलाबी, नव्या नवरीसारखे जपून पाऊल टाकत. मी टुणकन उठून त्यांना खुर्ची दिली. बारावा पुरुष आला होता. ते बसले, त्यांनी पाय पुढे केला, परातीत पाहिलं आणि पाय मागे घेतला. ज्यांना कमी ऐकू येतं ते कुजबुजतात कसे, माहीत आहे ना? सगळ्या चर्चला ऐकू गेलं.

"फादर, पहले पानी बदलवा दीजिए."

खोकल्यासारखा आवाज आला. पप्पा. तोंडावर रुमाल, खांदे गदागदा हलतायत. मग फर्नांडिस अंकल, मग पूर्ण रांग. एवढ्या गंभीर विधीत अकरा म्हातारे पोरांसारखे हसत होते. मम्मी गेल्यापासून मी पप्पांचं हसणं ऐकलं नव्हतं. फादर पाणी बदलायला उठले, पण त्यांचेही ओठ घट्ट मिटलेले होते.

मंडळ आता आमच्याच घरी भरतं. मी हैदराबादहून रविवारी फोन करते तर पप्पा म्हणतात, "नंतर कर, मीटिंग चालू आहे." मागे समोशांवरून भांडण ऐकू येत असतं. परवा कुणीतरी मोठ्याने विचारलं, "कौन है?"

पप्पांनी फोनवर हातही ठेवला नाही. म्हणाले, "वही, जिसके बाद पानी बदलना पड़ा था."