रईसाच्या घरातल्या डांबरगोळ्या

"हिच्या दुधातच जहर हाय," असं रईसाबद्दल पहिल्यांदा बोलली ती शेजारीण. सासूनं ते ऐकलं आणि गप बसली. गप बसणं म्हणजे अर्धं कबूल करणं, हे आपल्याकडं प्रत्येक सुनेला कळतं. माझं डोकं तेव्हा फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाय.

रईसा लासूर स्टेशनची. बाप मोंढ्यात तोलाईचं काम करायचा आणि ही मापं-वजनं, भावताव ऐकतच वाढली. दहावीनंतर शिलाई मशीन धरली. लग्न होऊन शहरात येईस्तोवर लासूरला बाजारच्या दिवशी पिको-फॉलला बाया तिच्याच दारात रांग लावायच्या, असं ती अजून फुशारकीनं सांगते. नवरा याह्या चितेगावच्या एका कंपनीत फिटर. त्याचा आजा मागावर हिमरूच्या नक्षीदार शाली विणायचा. माग कधीच मोडीत गेला, पण घरात त्याचा रुबाब शिल्लक हाय.

माझी नि तिची ओळख रेशनच्या दुकानापुढं झाली. दुकानदार मशीनवर अंगठा घेऊन "माल संपला" म्हणत होता. मी ओरडले. माझ्या मागून माझ्यापेक्षा मोठा आवाज आला, "संपला तर अंगठा कशाला घेतला भाऊ? मेहंदी लावायला?" तीच ही. तेव्हापासून मी तिची ताई.

तिचं पहिलं पोरगं छठी, म्हणजे सहाव्या दिवसाचं न्हाणं, झाल्यावर पिवळं पडलं. कुणी उन्हात ठेवा म्हणालं, कुणी कावीळ उतरवणाऱ्याकडं नेलं. दवाखान्यात पोचेस्तोवर पोरगं गेलं. कागदावर लिहिलं ‘कावीळ’. अरे, कावीळ हे कारण हाय व्हय? घर जळालं तर पंचनाम्यात ‘धूर’ लिहिता का? रक्तातल्या तांबड्या पेशी फुटल्या की आतल्या हिमोग्लोबिनचा पिवळा गाळ होतो. तो गाळ बाहेर काढायचं काम यकृताचं, आणि कोवळ्या लेकराचं यकृत त्या कामाला अजून नवखं असतं. गाळ साचून मेंदूत उतरला की संपलं. पण पेशी फुटल्या कशानं, हे कुणी विचारलंच नाय. एका बाईचं पोरगं गेलं, फाईल बंद.

दुसरं पोरगंही छठीनंतर पिवळं पडलं. सासू म्हणाली, "उतरवनेवाले को बुलाते." रईसानं चप्पलही घातली नाय. पोराला छातीशी धरलं, रिक्षा थांबवली आणि थेट मोठा दवाखाना गाठला. तिथं निळ्या दिव्याखाली ठेवून भागलं नाय, रक्त बदलावं लागलं. मी पोचले तेव्हा ती काचेला कपाळ टेकवून उभी होती. रडत नव्हती. दातावर दात घट्ट बसलेले.

डॉक्टरनं याह्याला बाजूला घेतलं. याह्यालाच! जिनं पोरगं आणलं ती भिंतीसारखी उभी, आणि डॉक्टर बापाशी कुजबुजतोय. मी मधी घुसले. "डॉक्टर, आई इकडं हाय. मोठ्यानं बोला."

तो चरफडला, पण बोलला. पोराच्या तांबड्या पेशीत एक विकर, एन्झाइम, कमी हाय. जी-सिक्स-पी-डी.

"म्हणजे काय?" रईसानं विचारलं.

"आईकडून येतं," तो म्हणाला आणि मोबाईल बघायला लागला.

बस्स. विचारलं काय नि उत्तर काय! याह्याची नजर रईसाकडं वळली. त्या नजरेत अख्खी गल्ली होती.

माझा ताबा सुटला. रद्दीतून घेतलेली अकरावी-बारावीची पुस्तकं मी फुकट नाय वाचली. म्हटलं, "याह्या, इकडं बघ. विकर म्हणजे प्रथिन. लहान लहान दुवे जोडून केलेली लांब साखळी, ती ठरल्यासारखी दुमडली तरच कामाला लागते. ह्या विकरात पाचशेवर दुवे हायेत. तुझ्या आजाच्या मागावर एक धागा चुकला तर पुढची बुट्टी वाकडी यायची ना? तसा एक दुवा बदलला, साखळी कच्ची निघाली. ह्यात रईसानं काय केलं? तिला ते तिच्या आईबापाकडून आलं. तुझं नाक तुला कुणी विचारून दिलं का?"

"पण ताई, ते करतं काय, ते विकर?" याह्या अडखळत म्हणाला. शहाणा प्रश्न होता, म्हणून आवाज खाली आणला.

"तुझ्या कंपनीत लोखंडाला गंज चढतो ना? तसा पेशीलाही आतून चढतो. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशीलाच त्याचा जास्त धोका. पेशी साखर वापरते, त्यातली थोडी ह्या विकराच्या हातून जाते आणि तिच्यापासून गंज उतरवायची ताकद तयार होते. दुसऱ्या पेशींकडं त्याला आणखी वाटा असतात. तांबडीकडं हीच एक. विकर कच्चं असलं तरी पोरगं बरं वाढतं, खेळतं. पण बाहेरून गंज चढवणारी चीज अंगात गेली, की पेशी फुटायला लागतात."

"बरोबर," डॉक्टर आता जरा माणसासारखा बोलला. "म्हणून काही औषधं टाळायची. मलेरियाची काही, सल्फाची काही. आणि डांबरगोळ्या."

याह्या हसला. "डांबर की गोली कौन खिलाता बच्चे को?"

"खायला नको," डॉक्टर म्हणाला. "कपड्यातला वास श्वासातून जातो, कातडीतून जातो. तान्ह्याला तेवढं पुरतं."

रईसानं काचेवरून कपाळ काढलं. "छठीची शाल," ती म्हणाली.

ह्यांच्या घरातला रिवाज असा, की छठीला न्हाऊ घातल्यावर लेकराला नवं कापड नाय लावायचं. घराण्यात जो सगळ्यात जास्त जगला त्याचं कापड लावायचं, त्याची उमर लागावी म्हणून. नव्वदी गाठलेल्या आजानं स्वतः विणलेली हिमरू शाल वर्षानुवर्षं पेटीत असते, आणि कसर लागू नये म्हणून तिच्या घडीघडीत डांबरगोळ्या. पेटीतून निघाली की थेट लेकराच्या अंगावर. धुवायची नाय, धुतलं तर बरकत जाते म्हणतात. पहिलं पोरगं तिच्यातच झोपायचं. दुसरंही.

मला पेटी उचलून क्रांती चौकात आपटावी वाटली. वाईट ह्याचं वाटलं, की कुणाच्याच मनात खोट नव्हती. खोट असती तर एक गालफडात ठेवून मोकळी झाले असते.

पोरगं वाचलं. घरी न्यायचा दिवस ठरला आणि सासूनं निरोप धाडला, छठीच्या शालीत झोपायचं अर्धवट राहिलंय, पोरासाठी शाल काढून ठेवलीय.

आम्ही तिघं आधी घरी गेलो. मी सगळं सांगितलं, ओरडूनच सांगितलं. सासूबाई ताठ बसलेल्या. "मेरे सात बच्चे उसी शाल में पले. एक को भी कुछ नहीं हुआ. मैंने मारा क्या मेरे पोते को? बोल, मैंने मारा?"

"तुमच्या सातांचं विकर चांगलं होतं!" मी म्हटलं. "ह्या दोघा नातवांचं—"

"ताई, थांबा," रईसा म्हणाली.

मला वाटलं, आता ही सासूचे पाय धरणार. मी तिच्यावरही भडकायच्या बेतात होते.

ती सासूपुढं बसली. "अम्मी, किसने मारा ये मैं नहीं पूछती. पूछूँगी तो इस घर में रह नहीं पाऊँगी. पर मेरे दूध को जहर बोले तब तुम चुप बैठे. वो मैं भूलनेवाली नहीं."



"ले जा फिर उसे मायके," सासू म्हणाली. "लासूर में पाल."

"क्यों जाऊँ? मेरा घर है. मैं नहीं जाती, गोलियाँ जातीं." आणि नवऱ्याकडं वळली. "याह्या, तुम्ही बोला. आत्ता. माझ्या मागं नाय, अम्मीच्या पुढं."

याह्यानं आईकडं बघितलं. मग बायकोकडं. ह्या माणसानं उभ्या आयुष्यात आईपुढं मान वर केली नव्हती, ते सगळं त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी जीभ चावून धरली, कारण हे मी बोलून चालणार नव्हतं.

"अम्मी," तो म्हणाला, "बच्चा शाल में नहीं सोयेगा."

एवढंच. पण शब्द पुरे होते.

रईसानं ओढणी कमरेला खोचली. कपाट, न्हाणी, उशांच्या खोळी, सासरेबुवांच्या कोटाचे खिसे, सगळीकडून गोळ्या काढल्या. घरातलं एकूणएक कापड उकळत्या पाण्यात गेलं. सासू पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. कुणी तिची समजूत काढली नाय. मीही नाय. मला दया येत होती, पण त्या दुधाच्या गोष्टीची चीड जास्त होती.

दुसऱ्या दिवशी पोरगं घरी आलं. शेजारीण दारात उभी राहून डोकावली, "आता तरी डब्याचं दूध पाजतीस ना गं?"

रईसा उंबऱ्यातच खाली बसली, ओढणी सारखी केली आणि तिच्या डोळ्यांदेखत पोराला छातीशी लावलं.

"बघून घ्या," ती म्हणाली. "नीट बघा. आणि गल्लीत सांगा."