रतनभाऊंच्या नावावरचं कनेक्शन

आमच्या शेजारच्या बंगल्याचे राखणदार रतनभाऊ मूळचे वडिवळ्याचे. लोणावळ्यात, तुंगार्लीच्या चढावर, बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सुट्ट्या सांभाळल्या. शेठ मुंबईला. पाहुणे शनिवारी यायचे, रविवारी संध्याकाळी जायचे. सोमवारी रतनभाऊ बंगला असा धुऊनपुसून ठेवायचे, की इथं कोणी राहून गेलं हे सांगूनही पटू नये.

बंगल्यात इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा कनेक्शनवाल्याला इथल्याच माणसाचं आधार कार्ड हवं होतं. शेठ फोनवर म्हणाले, "रतन, तुझं दे." त्यांनी दिलं. पहिलं बिल आलं ते मला दाखवायला घेऊन आले.

"वहिनी, बंगल्यात आमच्या नावाचा कागद आला बगा."

त्यांची बायको सरूबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "व्हय, आता बंगलाबी नावावर करून घ्या!"

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी सायबर शाखेच्या फौजदारबाई आल्या. कागद वाचायला मला बोलावणं आलं. कॉलेजातल्या एका मुलीचे खोटे, घाणेरडे फोटो बनवून कोणीतरी पसरवले होते. ते एका शनिवारी ज्या इंटरनेट पत्त्यावरून चढवले, तो पोलिसांना मिळाला होता. असे पत्ते वाटून देणारी एक नोंदणी संस्था असते. तिने दुसऱ्याच दिवशी कळवलं, की हा पत्ता अमुक कंपनीकडे आहे. कंपनीनेही आठवड्यात ग्राहकाचं नाव दिलं. कोणी टाळाटाळ केली नाही, सगळ्यांनी नीट सहकार्य केलं, आणि त्या सहकार्याच्या टोकाला रतनभाऊ उभे होते.

"मॅडम, यान्ला टायपायला तरी येतं का इचारा," सरूबाई पुढे झाली. "दळण आणायचं सांगायचं तरी मला फोनात बोलून आवाज पाठवत्यात."

"कळतंय हो मावशी. पण पत्ता घरापर्यंत आणून सोडतो, माणसापर्यंत नाही. त्या शनिवारी इथं कोण होतं, तेवढं सांगा."

ते फोटो चढवणारा माणूस सापडला तरच रतनभाऊंचं नाव सुटणार होतं. त्यांनी वही आणली. नोंद होती, 'सत्यम, अधिक चौदा.' इथले बहुतेक बंगले असंच लिहितात. एकाचं नाव आणि बाकीच्यांचा आकडा. समोरचा मोबाइल नंबर बुकिंग करणाऱ्या दलालाचा. तो बंद लागला.

"मग नेटच्या डब्यात बघू," बाई म्हणाल्या. "कुठला फोन कधी जोडला, कधीकधी त्यात राहतं."

रतनभाऊ खाली बघत म्हणाले, "सोमवारी मी त्यो बंद करून पुन्ना चालू करतो. पाव्हणे म्हंत्यात स्पीड न्हाई. कनेक्शनवाल्यानंच सांगितलं हुतं, असं करत जा म्हणून."

"म्हणजे सगळं पुसलं गेलं."

"म्या समदंच पुसतो मॅडम. माजं कामच हाय त्ये."

त्यांचा फोन तपासणीला गेला.

पंधरा दिवसांनी त्या मुलीचे वडील फाटकाशी आले. मला वाटलं, आता भांडण. पण ते हळू आवाजात म्हणाले, "एखादा चेहरा आठवतोय का?"

रतनभाऊंनी डोळे मिटले. "एक जण हुता, दाढीवाला, लय हसायचा..." मग मान हलवली. "न्हाई. त्यो म्होरच्या आठवड्यातला. खोटं कसं सांगू?"

"बरोबर आहे," ते म्हणाले. "तिनं कॉलेज सोडलंय." आणि चढ उतरून गेले. त्यानंतर रतनभाऊंनी चौकशीतून आपलं नाव सुटायची गोष्ट काढली नाही.

शेठनी 'मिटेपर्यंत घरी राहा' म्हणून सांगितलं आणि महिन्यात दुसरा राखणदार ठेवला. कनेक्शन आपल्या नावावरून काढावं, असा अर्ज रतनभाऊंनी माझ्याकडून लिहून घेतला. कंपनीचं उत्तर आलं, चौकशी चालू असताना ग्राहकाचं नाव बदलता येत नाही. फौजदारबाईंना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं. चौकशी कधी संपेल, तेवढं त्यांना सांगता येईना.

आता दर शनिवारी वडिवळ्याहून सरूबाईच्या फोनवरून त्यांचा फोन येतो.

"वहिनी, आज किती जण हायेत?"

मी खिडकीतून बघून सांगते. "सोळासतरा असतील."

"आमच्या नावाचं नेट चालू असंल."

"हो, चालू आहे."