झाकणावरची परात

गंगापूर धरणाच्या वाटेवर द्राक्षमळ्याला लागून एक उपाहारगृह आहे. तेथे चांगुणाबाईंनी चार वर्षे फक्त भाजी चिरली. तीस वर्षे स्वतःच्या वाफ्यातला घेवडा खुडणाऱ्या आणि शिजवणाऱ्या बाईच्या हाती तेथे सुरी होती, पळी नव्हती. पळीसाठी लागणारे प्रमाणपत्र मुख्य आचारी रविराज यांच्याकडे होते, आणि प्रमाणपत्राला चव असते, असा समज आपल्या सुशिक्षितांत पक्का रुजलेला आहे. शिवाय चांगुणाबाईंच्या गळ्यात पाच वर्षांपासून माळ; मांसमच्छी सुटलेली. कामापुरता हात लावायचा आणि घरी जाताना धुवायचा, एवढेच त्यांनी ठरवून घेतले होते. जिला चाखता येत नाही तिने शिजवायचे कसे, असे रविराज सर्वांदेखत विचारीत आणि स्वयंपाकघर इमानेइतबारे हसे.

मग रविराजांनी मंद आचेवर पाच-सहा तास शिजवणारे विजेचे भांडे आणले. रविवारच्या पाहुण्यांसाठी त्यात घेवडा, बटाटा, कांदा आणि बेकन, म्हणजे डुकराच्या मांसाच्या खारवून धुरी दिलेल्या पट्ट्या, असा बेत होता. सगळे जिन्नस त्यांनी मिठासकट एकदम कच्चेच ओतले आणि दर वीस मिनिटांनी झाकण उचलून पाहिले. एक वाजता शेंगा दाताखाली करकरत होत्या, बेकन चामड्यासारखे चिवट झाले होते आणि रस खारट झाला होता. ताटल्या जशा गेल्या तशा परतल्या. व्यवस्थापिका हर्षाली मॅडम यांनी हा पदार्थ यादीतून काढायला सांगितले.

चांगुणाबाई हात पुसत पुढे आल्या.

"मॅडम, येत्या रविवारी मला करू द्या. जमलं तर शेगडी माझी. नाय जमलं तर मरेस्तोवर चिरत बसंन."

रविराजांनी या अटीला हसत मान्यता दिली. त्यांना ती फुकटची करमणूक वाटली.

चांगुणाबाईंच्या लेखी बेकन म्हणजे सुकटीचाच लांबचा भाऊ. माळ घालण्यापूर्वी वांग्यात सुकट त्यांनी शेकडो वेळा केली होती. ती आधी तव्यावर भाजायची. मीठ ती स्वतःच घेऊन येते, म्हणून वरचे मीठ अगदी शेवटी. रविवारी सकाळी सातला त्यांनी बेकन तव्यावर कडा कुरकुरीत होईपर्यंत भाजले, सुटलेल्या चरबीत कांदा परतला, शिरा काढून हाताने मोडलेल्या शेंगा आणि बटाट्यांसह ते सारे भांड्यात घातले, वर अर्धी वाटी पाणी शिंपडले आणि झाकण लावले. त्या झाकणावर स्टीलची परात ठेवून ती काठोकाठ पाण्याने भरली.

नऊ वाजता रविराज चमचा घेऊन आले.

"मावशी, परात काढा. बघायचंय मला."

"बघून शिजत नसतं, साहेब. उघडलं की वाफ पळती. माझ्या सासूनं माझ्यासाठीच ठेवली होती अशी परात. माझा बी हात लय वळवळायचा."

पाणी सांडल्याशिवाय परात हलणार नव्हती. चमचा कोरडाच परत गेला.

साडेबाराला चांगुणाबाईंनी परात उतरवली. वाफेचा वास घेतला, एक शेंग चिमटीत दाबली, तळाशी किती रस उरला ते पाहिले आणि एकच चिमूट मीठ टाकले. चाखले नाही. हर्षाली मॅडमनी पहिला घास घेतला आणि वाटी संपवली. टेबलांवरून वाट्या पावाने पुसून परत आल्या; तीन टेबलांनी पुन्हा मागवले. रविराजांनी भिंतीकडे तोंड करून उभ्याउभ्या दोन वाट्या खाल्ल्या, हे सर्वांनी पाहिले.

पुढच्या रविवारी शेगडीपाशी चांगुणाबाई उभ्या होत्या. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला रविराज शेंगांच्या शिरा काढत होते. संथ, पण बऱ्यापैकी.

"मावशी," त्यांनी विचारले, "मीठ किती लागेल?"

"ते शेवटी," चांगुणाबाई म्हणाल्या. "आधी परात भरून आणा."

रविराजांनी परात काठोकाठ भरून आणली. येताना एक थेंबही सांडला नाही.