मेघा प्रश्न विचारायला शिकली त्याची गोष्ट

परवा गिरणीत दळण घेऊन उभी होते. पुढं दोघीजणी बोलत होत्या.

"थोरातांच्या मेघाचं कळलं का? नरसिंहपुरात एका घरी प्रश्न विचारता विचारता मधूनच उठली म्हणं! तडक गाडीत जाऊन बसली. आता कंपनी तिला..."

आणि गिरणीवाल्यानं खटका दाबला! पुढचं सगळं पिठात गेलं.

गंमत म्हणजे त्या दिवशी मी त्याच घरात होते! सांगायला तोंड उघडलं, तर त्या घरघरीत माझंच मला ऐकू येईना. म्हणून मग लिहायलाच बसले. तसेही मेघाच्या टीमचे किस्से माझ्याकडं इतके साठलेत, की एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात.

*

मेघा आमच्या बारामतीतल्या शेजाऱ्यांची मुलगी. लहानपणापासून भारी लाजाळू. विरजण मागायला यायची आणि दारात नुसती उभी राहायची. मी काही कामानं बाहेर आले तरच कळायचं, की ही वाटी घेऊन आलीय!

ती पुण्यातल्या कंपनीत लागली. ऊसवाल्यांसाठी त्यांनी मोबाईलवर ॲप काढलंय. उसाची लागण कधी केली, कारखान्याची तोड कधी येणार, सगळं त्यात दिसतं. शेतकरी ते कसं वापरतात हे बघायला मेघा, तिच्या सुषमा मॅडम आणि रेकॉर्डिंग करणारा निखिल असे तिघं बारामतीला आले. मॅडम आणि निखिल आमच्याच वरच्या खोल्यांत उतरले होते. त्यामुळं मला फारसे कष्ट न पडता सगळं कळत गेलं.

पहिल्याच दिवशी मी मेघाला विचारलं, "नक्की काम काय गं तुझं?"

"लोकांच्या घरी जायचं काकू. काय करता, कसं करता, कुठं अडतं ते विचारायचं. युजर रिसर्च म्हणतात त्याला."

"आणि याचा पगार मिळतो?"

"हो की!"

"अगं, मी तर जन्मभर हे फुकटात करतेय!"

*

भवानीनगरला पहिलं घर. घाबरली की मेघा गप्प बसत नाही, उलट सुसाट सुटते, हे मॅडमना तिथं कळलं.

"काका, हे बटन तुम्हाला दिसत नसेल ना? बरोबर, लहानच आहे. मग तुम्ही काय करता? मुलाला विचारत असाल. मुलगा नसला की? मग राहून जात असेल."

काकांनी बराच वेळ ऐकून घेतलं. मग टोपी घातली आणि म्हणाले, "ताई, तुमचं तुमी चालू द्या. मी तवर हिरीवरची मोटार बंद करून येतो!"

त्या संध्याकाळी मेघा जेवली नाही. मॅडमनी तिला स्पष्टच सांगितलं होतं, "शेवटच्या घरी तू एकटीनं विचारायचं. मला मधे बोलावं लागलं, तर पुढच्या दौऱ्याला तू नाहीस. ऑफिसात बसून आमची रेकॉर्डिंगं उतरवून काढायची."

*

मॅडम बोलायला कडक, पण शिकवायची हातोटी वेगळीच. म्हणाल्या, "प्रश्न विचारला की लगेच बिस्कीट तोंडात टाकायचं. तोंड भरलेलं असलं की माणूस निदान ऐकतो तरी."

दुसऱ्या दिवशी निमगाव केतकीला मेघानं तसंच केलं. एक प्रश्न, एक बिस्कीट. घरमालक घडाघडा बोलत होते. मेघानं चकार शब्द काढला नाही. निखिल तर बघतच राहिला.

अख्खा पुडा संपला तशी आतून घरमालकीण ओरडली, "अवो, प्रश्न कसलं इचारताय? पोरगी सकाळधरनं उपाशी हाय! आधी ताटं घ्या!"

तिघंही पोटभर पिठलं-भाकरी खाऊन आले. माझा स्वयंपाक वाया गेला, पण मेघा हसत होती.

*

एका घरात आजी भेटल्या. मेघानं धीर करून सुरुवात केली. घरात माणसं किती, शेती किती, बागायत किती, मोबाईल कोण वापरतं.

आजी खूश! आत जाऊन नातवाला काहीतरी सांगून आल्या. थोड्या वेळानं नातू इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून, चहाचा ट्रे घेऊन हजर.

"पोरगा निर्व्यसनी हाय," आजी मॅडमना म्हणाल्या. "आता तुमी तुमच्या पोरीचं सांगा."

मेघा लालबुंद. निखिलनं तोंडावर रुमाल धरला. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे आजी. फक्त प्रश्न विचारायला घाबरते."

"मग तर लई ब्येस! सासरी प्रश्न इचारणारी कुणाला पायजे?"

काय झालं कुणास ठाऊक, पण हे ऐकलं आणि मेघा ताठ बसली. म्हणाली, "आजी, मला पायजे!" आणि त्या नातवालाच समोर बसवून तिनं सगळे प्रश्न विचारले. घाम त्याला फुटला!

*

एकदा गच्चीवर चहा पिताना मी मॅडमना म्हटलं, "तुम्हाला बरं भीती वाटत नाही!"

"कोण म्हणालं? मला अजून प्रत्येक दारातनं परत पळावंसं वाटतं. म्हणून मी चपला सावकाश काढते. तेवढ्यात श्वास जागेवर येतो."

मेघा शेजारीच बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवसापासून तीही चपला सावकाश काढायला लागली. तिचं बघून निखिलही. तिघांचं दारात इतका वेळ चालायचं, की एक मावशी आतून सुई-दोरा घेऊन आल्या. "कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय?"

*

शेवटचं घर नरसिंहपुरात. मला देवदर्शन करायचं होतं, म्हणून मीही गाडीत बसले. (देवदर्शन झालंच. पण खरं कारण तुम्हाला कळलंच असेल.)

घर एका तात्यांचं. मी स्वयंपाकघरात सुनेपाशी बसले, तिथनं पुढचा बैठकीचा सोपा सरळ दिसत होता. मेघा एकटी समोर. मॅडम डायरी उघडून बाजूला.

"तात्या, ॲप कसं वाटतं?"

"झकास!"

"कुठं अडतं का?"

"न्हाय! एकदम झकास!"

सून माझ्या कानाशी लागली, "त्यांनी कधी उघडलंच न्हाय. सगळं मीच बघती." माझ्या पोटात राहीना! पण पदर तोंडात धरला आणि बसले.

मेघानं विचारलं, "शेवटचं कधी उघडलं होतं, ते जरा दाखवता?"

तात्या गप्प. मेघाही गप्प. तात्यांनी पंख्याकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं. मॅडमनी बोलायला तोंड उघडलं. मला वाटलं, संपलं आता पोरीचं! तर मेघानं त्यांच्याकडं न बघताच हात आडवा केला.

"खरं सांगू का पोरी?" तात्या हळूच म्हणाले. "भ्या वाटतंय. चुकून बोट पडायचं कुठंतरी, अन् माझा ऊस दुसऱ्याच्या नावावर जायचा."

"मग झकास का म्हणालात?"

"तुमी एवढ्या लांबनं आलाय. तोंडावर वंगाळ कसं म्हणायचं?"

मेघा थोडी पुढं सरकली. "तात्या, भीती मलाही वाटते. तुमच्या दारात गाडी थांबली, तरी मी उतरतच नव्हते."

"व्हय?" तात्यांनी तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. मग खिशातनं फोन काढला, चष्मा लावला. "मग असं कर. तू भीत भीत इचार. मी भीत भीत दाबतो."

माझ्या शेजारी सुनेचा भाकरी थापायचा हात थांबला.

सोप्यात मॅडमनी गालातल्या गालात हसत डायरी मिटली, पर्स उचलली आणि मुलाखत चालू असताना मधूनच उठून सरळ गाडीत जाऊन बसल्या. मेघानं मान वर करूनसुद्धा बघितलं नाही.